लावणीतील विरह आणि अनुपस्थित शिपाई

उत्तर पेशवाईतील शाहिरी लावणीत मोहिमेवर गेलेल्या पतीचा विरह वारंवार येतो, हे आपल्या समीक्षेने केव्हाच नोंदविले आहे. मात्र त्याचे निवेदन बहुधा पत्नीच्या मुखी असल्यामुळे तो स्त्रीचा अनुभव म्हणूनच वाचण्याचा प्रघात पडला. रचनाकार पुरुष आहे आणि समोरच्या श्रोत्यांत शिपाईगड्यांचा भरणा आहे, या दोन्ही गोष्टी प्रास्ताविकात सांगितल्या जातात. अर्थनिर्णयनात मात्र त्यांना स्थान मिळत नाही. ते दिल्यास प्रश्नच बदलतो. घरच्या ओढीने व्याकूळ झालेल्या शिपायाचा स्वतःचा विरह या वाङ्मयात कोठे आहे?

तो तिच्याच भाषितात आहे, असे मला वाटते. शिपाई ‘मला तिची आठवण येते’ असे म्हणत नाही. आपली आठवण काढली जात आहे, हे तो ऐकतो.

या रीतीला पूर्वपरंपरा आहे. ‘मेघदूता’तील यक्ष शिपाई नव्हे, शापित सेवक आहे; पण उत्तरमेघात त्याचे स्वतःचे दुःख मागे सरते आणि उंबरठ्यावरील फुलांनी विरहाचे उरलेले महिने मोजणारी पत्नी पुढे येते. विरही पुरुषाची उत्कंठा येथेही प्रियेच्या उत्कंठेचे चित्र होऊनच प्रकटते. तथापि कालिदास एक सचोटी पाळतो. ती अशी असेल, असे मला वाटते, अशा तर्काच्या खुणा यक्षाच्या बोलण्यात राहतात. हे चित्र दूरस्थ पुरुषाने कल्पिलेले आहे, हे वाचक विसरत नाही. लावणी या खुणा पुसून टाकते. कल्पिणारा नाहीसा होतो, कल्पिलेली स्त्री थेट बोलू लागते आणि तर्काला वस्तुस्थितीचे रूप येते. फडासमोर बसलेल्या शिपायाला हवे असलेले आश्वासन नेमके हेच असते.

या आश्वासनाची किंमत संहितेत शोधावी लागते. मोहिमा दसऱ्यानंतर निघत. पावसाळ्यात फौजेने परमुलखी मुक्काम करण्याला ‘छावणी’ म्हणत. म्हणजे नवरा पावसाळ्यातही परतला नाही, तर तो निर्णय सरदाराचा असे. लावणीतील नायिका मात्र सरदाराला क्वचितच बोल लावते. तिचा संशय सवतीवर, रोष पतीच्या निष्ठुरपणावर. राजकीय कारणाचे असे शृंगारिक अपराधात रूपांतर होते. थकलेला रोजमुरा, उपासमार, मरणाची धास्ती यांना या विरहात जवळजवळ प्रवेश नाही. रागावलेली पत्नी ऐकणाऱ्याला सुखावते. उपाशी पत्नी सुखावली नसती.

होनाजी, सगनभाऊ, प्रभाकर यांनी लावण्यांबरोबर पोवाडेही रचले, हे येथे महत्त्वाचे ठरते. (सगनभाऊचा धंदा तर शिकलगाराचा, म्हणजे हत्यारांना धार लावण्याचा.) पोवाड्यात शिपायाचे शौर्य धन्याच्या नावावर जमा होते, लावणीत त्याची ओढ पत्नीच्या. दोन्हीकडे तो स्वतः मुका आहे.

म्हणून लावणीतील विरहाला स्त्रीच्या मुक्त कामनेचा आविष्कार मानणारे वाचन मला मान्य नाही. परंतु ही निव्वळ पुरुषी रंजनकल्पना आहे, हा अलीकडचा निवाडाही उतावळा वाटतो. सोबत्यांच्या गराड्यात बायकोच्या आठवणीने रडण्याची मुभा शिपायाला दुसऱ्या कोणत्या रूपाने मिळाली असती? परक्या मुखातून आलेले असले, तरी ते दुःख खोटे नाही. ते तिचे आहे, एवढेच म्हणता येत नाही. तिचे स्वतःचे बोलणे हवे असेल, तर जात्यावरच्या ओवीकडे जावे लागते. तेथे ऐकायला शिपाई नसतो; आणि वाट पाहिली जाते ती बरेचदा नवऱ्याची नव्हे, भावाची.