गांजा आणि मेंदू: १८९४चा अहवाल पुन्हा वाचताना

'गांजाने मेंदूला काही होत नाही, हे इंग्रजांच्या आयोगानेच सांगून ठेवलंय', असा युक्तिवाद वरच्या वर्गातली मुले करतात. काशीमीरा परिसरात, जिथे घोडबंदर रस्ता अहमदाबाद महामार्गाला मिळतो, गांजा पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. तिथल्या शिक्षकांना तर याचे उत्तर द्यावेच लागते. म्हणून तो अहवाल नेमके काय म्हणतो, ते तपासू.

१८९३-९४च्या या आयोगाने मुंबई इलाख्यासह देशभरात ११९३ साक्षी नोंदवल्या. त्याचे सर्वांत चांगले काम म्हणजे वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदींची छाननी. रुग्णाच्या वेडाचे कारण 'गांजा' असे लिहिलेले असे. पण ते ठरवले कोणी? पुष्कळदा पोलिसांच्या कागदावरचा शब्द तसाच उतरवलेला होता. १८९२ सालच्या २२२ नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा निम्म्याहून कमी नोंदी टिकल्या. पुरावा कसा पारखावा, याचा हा उत्तम धडा आहे.

मात्र अहवालाचा निष्कर्ष अर्धाच सांगितला जातो. बेताच्या सेवनाने मनावर दुष्परिणाम होत नाही, असे आयोग म्हणतो; अतिसेवनाने मन अस्थिर होते आणि मुळात प्रवृत्ती असलेल्यांना वेड लागू शकते, असेही तोच म्हणतो. शिवाय मेंदूविषयीचा त्याचा पुरावा तोकडा होता. कनिंगहॅम यांनी एका माकडाला कित्येक महिने गांजाचा धूर देऊन त्याचा मेंदू पाहिला. त्यात इजा दिसली नाही. पण एका माकडावरून माणसाच्या स्मरणशक्तीबद्दल काय सांगणार?

गांजातील नशेचा घटक टीएचसी शुद्ध स्वरूपात मिळाला १९६४ साली. तो मेंदूतील ज्या ग्राहींना चिकटतो, त्यांचा शोध १९८८मध्ये लागला. आणि या ग्राहींसाठी शरीर स्वतःच बनवते तो पदार्थ १९९२मध्ये सापडला. 'आनंद' या संस्कृत शब्दावरून त्याचे नाव 'आनंदामाइड' ठेवले गेले. हे ग्राही स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्ये दाट असतात. रोज गांजा ओढणाऱ्यांत ते कमी झालेले दिसतात. सुमारे चार आठवडे गांजा बंद ठेवल्यावर ते बऱ्याच अंशी पूर्ववत होतात, असे २०१२च्या एका अभ्यासात आढळले. म्हणजे 'पेशी मरतात' हे फलकावरचे वाक्यही पुराव्याला धरून नाही.

न्यूझीलंडमधील १०३७ जणांच्या पाहणीत (२०१२) किशोरवयात सुरुवात करून दीर्घकाळ व्यसनी राहिलेल्यांचा बुद्ध्यंक ३८व्या वर्षापर्यंत सुमारे ८ गुणांनी घटलेला आढळला. उलट, २०१६च्या जुळ्यांच्या अभ्यासात गांजा घेणाऱ्याची घट न घेणाऱ्या भावंडापेक्षा जास्त नव्हती. तेव्हा बुद्ध्यंकाचा वाद मिटलेला नाही. मनोविकाराबाबतचा पुरावा अधिक भक्कम आहे: २०१९च्या एका बहुदेशीय अभ्यासात रोज जहाल गांजा घेणाऱ्यांत तीव्र मनोविकाराची शक्यता, कधीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत, जवळजवळ पाचपट आढळली.

आमच्या मते वर्गात भीतीही घालू नये आणि दिलासाही देऊ नये. किती वयात, किती वेळा, किती जहाल, हे तीन प्रश्न मुलांपुढे ठेवावेत. कपाळाआडचा मेंदू विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, एवढे कारण सोळा वर्षांच्या मुलाला 'नको' म्हणायला पुरेसे आहे. अतिशयोक्ती केली आणि ती एकदा उघडी पडली, की मुले आपले खरेही ऐकेनाशी होतात.