‘ओला’ आणि ‘सुका’ : एका परिभाषेची चिकित्सा

पिंपरी-चिंचवडमधील घंटागाडीवरची ‘ओला कचरा–सुका कचरा’ ही जोडी कोणत्याही गृहिणीस विनासायास समजते, आणि संज्ञेच्या ठायी हा गुण लहान नव्हे. तथापि हीच जोडी हरितगृह वायूंच्या हिशेबाचे कोष्टक म्हणून प्रबंधांत अवतरते, तेव्हा तिची चिकित्सा करणे प्राप्त होते.

‘ओला’ हे विशेषण पाण्याचा अंश सांगते, कुजण्याची क्षमता सांगत नाही. मिथेन उत्पन्न होतो तो हवा न पोचणाऱ्या ढिगात सूक्ष्मजंतू सेंद्रिय कार्बनाचे विघटन करतात त्यातून. आणि शंभर वर्षांच्या मुदतीत त्याची उष्णता वाढविण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट धरली जाते. आता हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाची २००६ ची मार्गदर्शिका पाहावी. तीत विघटनक्षम कार्बनाचे प्रमाण अन्नकचऱ्यात १५ टक्के, कागद-पुठ्ठ्यात ४० टक्के आणि लाकडात ४३ टक्के धरले आहे. म्हणजे चाकणच्या कारखान्यांतून निघणारे पुठ्ठ्याचे खोके वा मोडक्या लाकडी पेट्या ‘सुक्या’ ठरतात. पण पुरल्या गेल्यास त्यांच्यातील कार्बनाचा साठा भाजीच्या देठांहून वजनास कितीतरी अधिक! त्या सावकाश कुजतात, हे खरे. परंतु सावकाश म्हणजे मुळीच नाही, असे नव्हे.

दुसरीकडे प्लास्टिकही ‘सुके’च. ते पुरले तर मिथेन देत नाही. जाळले तर मात्र खनिज तेलातला कार्बन हवेत सोडते. मोशी येथे ऑगस्ट २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या वीजप्रकल्पात वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचरा वापरण्याची योजना होती. अशा प्रकल्पाचा हिशेब मांडताना पुठ्ठा आणि प्लास्टिक एका विशेषणाखाली ठेवणे म्हणजे हिशेबच सोडून देणे होय.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ‘जैव-विघटनशील’ ही अन्वर्थक संज्ञा दिली होती. पण ती उच्चारास जड, म्हणून घरात शिरली नाही. त्यापेक्षा भंगाराच्या धंद्यातील बोली मला अधिक शास्त्रीय वाटते. पुठ्ठा, रद्दी, पत्रा, काच : तेथे प्रत्येक नाव द्रव्याचे आहे, कारण प्रत्येकाचा भाव निराळा. चिखली-कुदळवाडीतील भंगाराची गोदामे महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये मोठ्या प्रमाणावर पाडली. त्या कारवाईच्या युक्तायुक्ततेचा विचार येथे अप्रस्तुत आहे. मात्र तेथील शब्दसंग्रह कोणी नोंदवून ठेवावयाचा असेल, तर विखुरलेल्या व्यापाऱ्यांकडे लौकर गेले पाहिजे. घंटागाडीवरची जोडी खुशाल राहावी. प्रबंधाच्या कोष्टकात मात्र ‘सुका’ या एका रकान्याऐवजी पुठ्ठा, लाकूड, कापड व प्लास्टिक असे चार रकाने हवेत.