प्रत्यय काढणारी साधने : सुधारणा आणि सातत्य

शब्दाचे प्रत्यय छाटून शोधासाठी त्याच्या सर्व रूपांना एकत्र आणणाऱ्या संगणकीय साधनाची, म्हणजे स्टेमरची, परीक्षा बहुधा एकाच कसोटीवर केली जाते : किती शब्द व्याकरणदृष्ट्या अचूक सुटले? मराठीपुरती तरी ही कसोटी अपुरी आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यातील कामगारविषयक मजकूर पाहावा. ‘चाकणला’, ‘भोसरीत’ ही रूपे सहज सुटतात. ‘तळवड्यात’मधून ‘त’ काढला तरी ‘तळवडे’ हाती येत नाही. तेथे सामान्यरूपाचा विचार अटळ होय. अधिक उद्बोधक शब्द ‘मोर्चा’. त्यातील ‘चा’ हा षष्ठीचा प्रत्यय समजून साधन ‘मोर्’ एवढाच तुकडा शिल्लक ठेवते, आणि वैयाकरणास ते हास्यास्पद वाटते. परंतु ‘मोर्चाला’, ‘मोर्चात’, ‘मोर्चे’ ही रूपेही क्रमाने छाटली जाऊन त्याच तुकड्याशी थांबत असतील, तर शोधाचे काहीच बिघडत नाही. पुढे एखादा दक्ष दुरुस्तीकार केवळ ‘मोर्चा’ हे एक रूप अपवादांच्या यादीत घालतो. ते शाबूत राहते, ‘मोर्चात’ मात्र पूर्वीप्रमाणेच तुटते, आणि दोहोंचा संबंध संपतो. व्याकरण सुधारले, शोध बिघडला!

मार्टिन पोर्टर यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेली आपली इंग्रजीसाठीची पद्धती पुढे गोठवून ठेवली आणि सुधारित नियम स्नोबॉल प्रकल्पात स्वतंत्रपणे दिले. हा विवेक अनुकरणीय आहे. साठवलेली शब्दसूची जुन्या नियमांची आणि विचारलेला शब्द नव्या नियमांनी तोडलेला, अशी स्थिती झाल्यास ग्रंथ असूनही सापडत नाही. नियम बदलला की सूची पुन्हा बांधणे ओघानेच येते.

तथापि मराठीचे लेखनच स्थिर राहिलेले नाही. १९६२ साली, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले त्याच वर्षी, शासनाने शुद्धलेखनाचे नवे नियम स्वीकारले. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ सालची. तिच्याविषयीच्या आरंभीच्या लेखनात ‘कारखान्यांत’ हे रूप एकवचनीही असू शकते, नव्या नियमांनुसार ते अनेकवचनी ठरते. ‘चऱ्होली’तील ‘ऱ्ह’ तर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो : डोळ्यांस एकच, यंत्रास भिन्न. हे भेद प्रत्ययांच्या नियमांत कोंबण्याची प्रवृत्ती दिसते, ती चुकीची आहे. त्यांचे एकरूपीकरण आधीच्या स्वतंत्र टप्प्यात केले, तर प्रत्ययांच्या नियमांना हात लावण्याचे प्रसंगच कमी येतील.