लिंक केलेलं टेबल

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर १९९२ साली आलं आणि फॉर्म-रिपोर्टच्या सोयीमुळे गाजलं. मला विचाराल तर त्यातली सगळ्यात देखणी रचना म्हणजे लिंक केलेलं टेबल. बाहेरचा डेटा इम्पोर्ट केला की नक्कल हाती येते. सर्व्हरवरची नोंद दुपारी बदलली तरी आपल्याकडे सकाळचाच आकडा राहतो. लिंक केल्यावर मात्र डेटा जागचा हलत नाही. आपल्या फाइलमध्ये येतो तो पत्ता: कुठला ड्रायव्हर, कुठला सर्व्हर, कुठलं टेबल, त्यात फील्डं कोणती. ओडीबीसी या डेटाबेस-जोडणीच्या मानकातून जोडलेल्या टेबलाशेजारी बाण आणि पृथ्वीचा छोटा गोल दिसतो. हे टेबल परक्या घरचं आहे, हे तो गोल उघडपणे सांगतो. ते डिलीट करायला गेलं तरी अ‍ॅक्सेस आधीच बजावतं, की जाईल ती फक्त लिंक.

खरी गंमत टेबल उघडल्यावर सुरू होते. समोर एसक्यूएल सर्व्हर असेल तर त्याच्याकडे येणाऱ्या क्वेरी दाखवणारं प्रोफायलर लावून बघावं. ग्राहकांचं लाखभर रेकॉर्डांचं टेबल उघडलं, की अ‍ॅक्सेस आधी फक्त प्रायमरी की, म्हणजे रेकॉर्ड ओळखण्याची खूण, मागतं. नाव नाही, पत्ता नाही, नुसते ग्राहक क्रमांक. मग दुसरी क्वेरी जाते आणि तिच्यात एकामागून एक 'ऑर' लावून दहा कींची जागा केलेली असते: हा क्रमांक, किंवा हा, किंवा हा. पडद्यावर दिसणारी रेकॉर्डं अशी दहादहाच्या गटाने येतात. आपण खाली सरकलो की पुढचे दहा. लांबलचक मजकुराची फील्डं तर पडद्यावर दिसायची वेळ येईपर्यंत मागितलीच जात नाहीत. ग्रंथालयात आधी कार्डांचा खण चाळावा आणि लागतील तेवढीच पुस्तकं कपाटातून काढून आणावीत, तसा हा कारभार. मंद नेटवर्क आणि तुटपुंजी मेमरी असलेल्या दिवसांत कुणीतरी हे इतक्या बारकाईने योजलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

हे कळलं की एका भीतिदायक दृश्याचाही अर्थ लागतो. टेबल उघडावं आणि ओळीच्या ओळी, प्रत्येक रकान्यात, हॅशच्या चिन्हापुढे 'डिलिटेड' असा शब्द दिसावा. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. सर्व्हरवर मात्र सगळं शाबूत असतं. झालेलं असतं एवढंच, की अ‍ॅक्सेसने की घेतली, ती आपल्या डेटा टाइपमध्ये बसवताना तिचं रूप किंचित बदललं, आणि ती घेऊन पुन्हा दारात गेल्यावर त्या कीचं रेकॉर्ड सापडलं नाही. बिगइंट या मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारची की असलेल्या टेबलांनी जुन्या आवृत्त्यांत असा घाम कित्येकांना फोडला आहे. एखादा व्ह्यू, म्हणजे सर्व्हरवर साठवलेली क्वेरी, लिंक करताना अ‍ॅक्सेस जो प्रश्न विचारतं, की रेकॉर्ड एकमेवपणे ओळखायचं कोणत्या फील्डांवरून, तोही याच गरजेतून येतो. उत्तर न देता पुढे गेलात तर डेटा दिसेल, पण त्यात लिहिता येणार नाही.

या रचनेला उणी बाजू आहे. क्वेरीच्या अटीत आपण स्वतः व्हीबीए या अ‍ॅक्सेसच्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं फंक्शन घातलं, तर सर्व्हरला ते कळत नाही. मग अट इकडे तपासायची म्हणून तिकडची सगळी रेकॉर्डं ओढून आणली जातात, आणि कालपर्यंत क्षणात उघडणारा फॉर्म आज ताटकळत ठेवतो. अशा ठिकाणी पास-थ्रू क्वेरी लिहावी, ती जशीच्या तशी सर्व्हरकडे जाते. एक्सेलच्या शीटची कथा आणखी वेगळी. लिंक केलेल्या शीटमध्ये पूर्वी अ‍ॅक्सेसमधून लिहिता यायचं. ग्वाटेमालाच्या कार्लोस अमादो यांनी या जोडणीवरच्या पेटंटचा दावा जिंकल्यावर २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती सोय काढली. एका चांगल्या सोयीवर कोर्टकचेरीची अशी छाया पडावी, याची हळहळ वाटते.

पण रेकॉर्ड बदलून सेव्ह करतानाची अ‍ॅक्सेसची वागणूक पाहावी. आपण टाइप करत असताना ते सर्व्हरवरचं रेकॉर्ड अडवून ठेवत नाही. सेव्ह करताना अपडेटच्या अटीत कीबरोबर जुन्या किमतीही पाठवतं: मी पाहिलं तेव्हा नाव हे होतं, रक्कम ही होती, अजून तसंच असेल तरच बदल कर. दशांशातल्या फ्लोट किमतींची तुलना कधी फसते आणि कुणीच काही बदललेलं नसताना तंटा उभा राहतो. म्हणून जाणकार सर्व्हरवरच्या टेबलात रोव्हर्जनचा कॉलम ठेवतात. प्रत्येक बदलाला तो आपोआप नवा होतो, आणि मग की व हा कॉलम एवढंच जुळवून भागतं.

मधल्या वेळात खरोखरच दुसऱ्या टेबलावरच्या सहकाऱ्याने तेच रेकॉर्ड बदललं असेल, तर 'राइट कॉन्फ्लिक्ट'ची चौकट उघडते. तिच्यातलं मधलं बटण माझ्या विशेष आवडीचं आहे, 'कॉपी टू क्लिपबोर्ड'. ते दाबलं की आपण लिहिलेलं क्लिपबोर्डवर राहतं आणि पडद्यावर सहकाऱ्याने काय लिहिलं ते दिसतं. ते वाचून, पटलं तर सोडून द्यावं, नाहीतर आपलं पुन्हा पेस्ट करावं.