चिखलाचा पुतळा आणि झपाटलेली बाहुली : गहिनीनाथ जन्मकथेचे एक वाचन

प्रस्तावना :

झपाटलेल्या बाहुलीचा विषय निघाला की आजच्या सुशिक्षित वाचकाला प्रथम आठवतात ती परदेशी नावे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात की वेस्ट येथे संग्रहालयात ठेवलेला 'रॉबर्ट' हा बाहुला आणि वॉरन दांपत्याने कनेटिकट राज्यातील आपल्या संग्रहात बंदिस्त केलेली 'ॲनाबेल' ही कापडी बाहुली, या दोहोंच्या कथा चित्रपट, दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी यांच्याद्वारे मराठवाड्यातील महाविद्यालयीन तरुणांपर्यंत पोहोचल्या आहेत. बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यातील चिंचोली येथे गहिनीनाथगड आहे. तेथे ज्या नाथाची समाधी भाविक पूजतात त्याचा जन्मच एका मातीच्या बाहुल्यात प्राण शिरल्याने झाला, अशी कथा 'नवनाथ भक्तिसार' या ग्रंथात आहे. गडावर जाणाऱ्यांपैकी अनेकांना ती तोंडपाठ असते. तरीही बाहुलीविषयक भयकथांच्या चर्चेत तिचा उल्लेख सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात या कथेचे वाचन मराठीतील आणि बाहेरील झपाटलेल्या बाहुलीच्या कथांच्या शेजारी ठेवून करण्याचा प्रयत्न केला आहे.

कथा आणि तिचा काळ :

धुंडीसुत मालू नरहरी यांनी 'नवनाथ भक्तिसार' हा चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ शके १७४१ म्हणजे इ. स. १८१९ मध्ये पूर्ण केला. गहिनीनाथांच्या जन्माची कथा त्याच्या दहाव्या अध्यायात येते. मच्छिंद्रनाथ आणि गोरक्षनाथ कनकगिरी या गावी मुक्कामाला असतात. गुरूने दिलेला संजीवनी मंत्र गोरक्ष एकटा बसून घोकत असतो. तेवढ्यात चिखलाचा गोळा घेऊन खेळणारी गावची पोरे तेथे येतात आणि आम्हांला गाडी करून दे, असा हट्ट धरतात. पुढे पोरेच गाडी तयार करतात. परंतु गाडीला गाडीवान हवा आणि तो काही त्यांना जमत नाही. म्हणून गोरक्ष हाताने पुतळा करू लागतो, तोंडाने मंत्र चालूच असतो. पुतळ्याचे अवयव पुरे होतात, त्यात करभाजन नारायणाचा संचार होतो आणि चिखलाचा गाडीवान रडू लागतो. 'भूत आले' असे ओरडत पोरे पळत सुटतात.

या ठिकाणी कथेच्या काळाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ज्ञानदेवांनी आपली गुरुपरंपरा सांगितली आहे. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती असा तो क्रम आहे. गहिनींचे नाव तेथे आदराने येते, पुतळ्याचा मात्र मागमूस नाही. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ ची, म्हणजे मालू कवीच्या आधी सुमारे सव्वापाचशे वर्षांची. तेव्हा पुतळ्याची कथा ही तेराव्या शतकातील गहिनीनाथांविषयीचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी महाराष्ट्रातील श्रोत्यांना सजीव बाहुल्याची कल्पना कशी सांगितली जात होती आणि कशी पटत होती, याचा पुरावा म्हणून मात्र ती मोलाची आहे. नाथचरित्रे वाचताना या दोन गोष्टींची गल्लत वारंवार होते.

भयाची सामग्री आणि तिचा मोड :

कोणत्याही भयकथेस लागणारी सामग्री या प्रसंगात पुरेपूर आहे. गुप्त मंत्र आहे, तो नको त्या वेळी नको त्या वस्तूवर पडला आहे, निर्जीव आकृतीत बाहेरून कोणी शिरले आहे, आणि पाहणारी पोरे भूत म्हणून ओरडत आहेत. मालू कवी एवढ्यावर थांबत नाही. मंत्र म्हणणारा गोरक्षही भ्यालेला आहे. तो एका घरात जाऊन लपतो. ज्याच्या हातून हे घडले तोच ते नाकारून पळतो, हा तपशील कथेत मोठ्या धीटपणाने आलेला आहे, कारण श्रोत्यांच्या लेखी गोरक्ष हा सिद्धपुरुष आहे.

कथेला मोड मिळतो तो यानंतर. वाटेत मच्छिंद्रनाथांना पळणारी पोरे भेटतात. ते त्यांना थांबवतात, धीर देतात, काय झाले ते विचारतात आणि भूत कोठे आहे ती जागा दाखवा म्हणतात. पोरे लांबूनच जागा दाखवतात. तेथे गेल्यावर त्यांच्या कानी पडते ते लहान मुलाचे रडणे. मच्छिंद्रनाथ त्याला कडेवर घेतात, त्याच्यासाठी दूध मागवतात आणि लपलेल्या गोरक्षाची समजूत घालतात की हे भूत नसून माणसाचे मूल आहे. येथे कोणताही उतारा, अंगारा वा बंदोबस्त केलेला नाही. रडणाऱ्याला भूक लागली आहे एवढेच ओळखले गेले आहे.

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१९ साली 'अपरिचित भया'वर लिहिलेल्या निबंधात सजीव वाटणाऱ्या बाहुलीचा प्रश्न हाताळला आहे. बाहुली जिवंत होण्याचे लहान मुलांना भय वाटत नाही, उलट ती तशी व्हावी असे त्यांना वाटत असते, हे त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. कनकगिरीची पोरे याच्या अगदी उलट वागतात. याचे कारण बहुधा असे की त्यांनी मागितला होता तो गाडीवान. म्हणजे खेळातला एक भाग, गाडीच्या चाकासारखा. तो त्यांच्या खेळाचे नियम मोडून स्वतःचे काही मागू लागला. फ्रॉइडच्या विवेचनात बाहुली पाहणाऱ्याच्या मनाला महत्त्व आहे. मालूच्या कथेत बाहुल्यालाही काही हवे आहे, आणि कथा त्याच्या बाजूने पुढे जाते.

'संचार' हा शब्दही येथे पाहण्यासारखा आहे. मराठीत देवाचाही संचार होतो आणि भुताचाही. अंगात देवी येते आणि अंगात बाहेरचेही येते. आत कोण आहे ते शब्दावरून ठरत नाही, जवळ जाऊन विचारावे लागते. 'झपाटणे' या क्रियापदात ही सोय नाही. तेथे निकाल आधीच लागलेला असतो. (बाहुली या शब्दाचा दुसरा अर्थ डोळ्यातील बाहुली असा आहे, हे या संदर्भात सहज आठवते.)

मातीत प्राण येण्याची कल्पना मराठी घराला परकी नाही. गणेशचतुर्थीला मातीच्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते आणि उत्तरपूजेनंतर तिला निरोप दिला जातो. पोळ्याला मातीचे बैल पुजले जातात. या सर्व ठिकाणी प्राण कधी येणार आणि कधी जाणार याचा विधी ठरलेला असतो. गोरक्षाच्या हातून विधीविना प्राण आला आणि म्हणूनच त्याला परत पाठवण्याची तरतूद राहिली नाही. आलेला जीव वाढवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

करणीची बाहुली :

बाहुलीची दुसरी, अधिक अंधारी परंपराही आपल्याकडे तितकीच जुनी आहे. अथर्ववेदाच्या दहाव्या कांडातील पहिले सूक्त 'कृत्या' म्हणजे दुसऱ्याच्या घातासाठी केलेल्या मंत्रभारित आकृतीविरुद्ध आहे. ही आकृती नवरीसारखी सजवलेली असते असे सूक्त सांगते. ती शूद्राने केलेली असो, राजाने, स्त्रीने अथवा ब्राह्मणाने. ती आपल्या कर्त्याकडेच परत जावो, अशी त्यात मागणी आहे. संशयितांच्या या यादीत राजा आणि ब्राह्मण यांचा समावेश आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढील काळात ही यादी आखडत गेली. उंबऱ्याशी टाचण्या टोचलेली बाहुली सापडली तर संशय गावातील सत्ताधाऱ्यावर जात नाही. तो एखाद्या विधवेवर, एकट्या राहणाऱ्या म्हातारीवर किंवा गावकुसाबाहेरच्या घरावर जातो.

मराठवाड्यात हा प्रश्न 'भानामती' या नावाने परिचित आहे. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. त्याच्या अनुसूचीत करणी, भानामती, जारणमारण या शब्दांचा उल्लेख आहे. एखादी व्यक्ती करणी करते असे सांगून तिच्याविषयी दहशत पसरवणे, तिचे जगणे कठीण करणे हेही त्यात अपराध ठरले आहे. कायद्याचा भर बाहुलीवर नसून बाहुली दाखवून माणसावर ठेवल्या जाणाऱ्या आळावर आहे. या जिल्ह्यात काम करणाऱ्या अध्यापकांना हा भेद वर्गात समजावून सांगावा लागतो. दरवर्षी ऊसतोडीसाठी येथून हजारो कुटुंबे स्थलांतर करतात आणि गावी मागे राहतात ती मुख्यतः म्हातारी माणसे व मुले. दुखणे आले तर जवळ दवाखाना नसतो, कोणाची तरी करणी हे उत्तर मात्र जवळ असते.

वाहनांना आणि नव्या बांधकामांना टांगलेली काळी बाहुली या परंपरेतील सौम्य प्रकार होय. ती कोणावर सोडलेली नसते. दृष्ट अडवण्यासाठी असते. तिला मंत्र नाही, चेहराही जेमतेम असतो.

पडद्यावरील बाहुला :

मराठीत झपाटलेल्या बाहुल्याला सर्वाधिक प्रसिद्धी मिळाली ती महेश कोठारे दिग्दर्शित 'झपाटलेला' (१९९३) या चित्रपटामुळे. दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेला तात्या विंचू हा गुंड मृत्युंजय मंत्र मिळवतो आणि मरतेवेळी त्या मंत्राने आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. पुढे त्याला पुन्हा माणसाचे शरीर हवे असते आणि त्यासाठी लक्ष्मीकांत बेर्डे यांनी रंगवलेला भाबडा लक्ष्या त्याच्या तावडीत सापडतो. कथानकाचा सांगाडा १९८८ मधील 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन चित्रपटाशी जुळतो, हे उघड आहे. बाहुला मात्र येथला आहे. तो रामदास पाध्ये यांनी घडवला. त्यांचे वडील य. के. पाध्ये यांच्या 'अर्धवटराव' या बोलक्या बाहुल्याने मराठी प्रेक्षकांच्या पिढ्यांना हसवले. तात्या विंचूच्या भीतीत हसू मिसळलेले राहिले याचे काही श्रेय या घराण्याच्या शब्दभ्रमकलेला द्यावे लागेल.

मालूच्या कथेशी या चित्रपटाची तुलना केली असता मंत्र, पुतळा आणि प्रवेश हे तिन्ही घटक समान दिसतात. फरक प्रवेश करणाऱ्याच्या हेतूत आहे. तात्या विंचू हा पूर्वायुष्य संपू न देणारा प्रौढ आहे. बाहुले हे त्याचे तात्पुरते घर आणि दुसऱ्याचे शरीर ही त्याची मागणी. गहिनीनाथाच्या पुतळ्यातील जीवाला पूर्वीचे काही वसूल करावयाचे नाही. रॉबर्ट आणि ॲनाबेल यांच्या कथा पहिल्या जातीच्या आहेत. रॉबर्टची हकिगत १९०४ च्या सुमारास ऑटो कुटुंबातील मुलाला मिळालेल्या बाहुल्यापासून सुरू होते आणि आज त्या बाहुल्याला क्षमा मागणारी पत्रे येतात. ॲनाबेल प्रत्यक्षात साधी कापडी बाहुली. चित्रपटाने तिला चिनी मातीचा भेसूर चेहरा दिला. दोन्ही ठिकाणी बाहुली काचेआड गेली आणि काचेमुळेच तिचे भय टिकून राहिले. ज्या वस्तूजवळ कोणी जाऊ शकत नाही तिच्याविषयी काहीही सांगता येते.

कथेच्या मर्यादा :

गहिनीनाथाची जन्मकथा निर्दोष आहे असे मात्र म्हणता येत नाही. मच्छिंद्रनाथ ते मूल मधुनाभा नावाच्या निपुत्रिक ब्राह्मणाच्या पत्नीच्या, गंगेच्या, ओटीत घालतात. चिखलातून आलेल्या जीवाला प्रतिष्ठित घर मिळवून देण्याची कवीची घाई येथे लपत नाही. कनकगिरीत कुंभाराचे घर नसेल काय, असा प्रश्न वाचकाने विचारला तर तो अप्रस्तुत ठरू नये. गंगेचे मन कथेत थोडक्यात उरकले जाते. सारे नाथ स्त्रीच्या गर्भाविना जन्मले असे दाखवण्याच्या आग्रहापायी मूल वाढवणारी बाई कथेच्या कडेला ढकलली गेली आहे. खुद्द गोरक्षाच्या कथेतही एका बाईने शेजारणींच्या हसण्याला भिऊन भस्म उकिरड्यावर टाकले आणि जन्म उकिरड्यातून झाला, हे येथे आठवावे.

दुसरी एक गोष्ट मात्र कवीने साधली आहे. गुरुपरंपरेनुसार गहिनीनाथांचे गुरू गोरक्ष होत. ज्याने नकळत घडवले आणि भिऊन पळ काढला त्याच्याकडेच हा जीव अखेर शिष्य म्हणून जातो. अथर्ववेदातील कृत्याही कर्त्याकडे परत जाते, पण त्याचा नाश करण्यासाठी.

ग्रंथाच्या चाळिसाव्या अध्यायात नाथांच्या अखेरच्या ठिकाणांची नोंद आहे. जालंदरनाथ गर्भगिरीवर राहिले आणि त्यांच्या खालच्या अंगाला गहिनीनाथ राहिले, त्यांनाच 'गैरीपीर' म्हणतात, असे तेथे सांगितले आहे. गर्भगिरीची ही रांग अहिल्यानगर आणि बीड जिल्ह्यांच्या सीमेवर पसरलेली आहे. मच्छिंद्रनाथांची समाधी मानले जाणारे आष्टी तालुक्यातील सावरगावचे मायंबा याच रांगेत येते. पुढे संत वामनभाऊंच्या कार्यामुळे गहिनीनाथगडाला वारकरी संप्रदायातही मोठे स्थान मिळाले. पोरांनी ज्याला भूत म्हटले त्याला कोणी नाथ म्हणाले, कोणी पीर, आणि त्याच डोंगरावर आज त्याच्या समाधीपुढे टाळमृदंगाच्या साथीने कीर्तन होते.