‘बिस्पोक’ : एका शब्दाचा व एका कसबाचा वारसा

एखाद्या व्यवसायाची परंपरा नेमकी कशात साठविलेली असते, या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. एक, तिच्या संस्थापकांच्या व आश्रयदात्यांच्या नामावलीत. दुसरे, तो व्यवसाय प्रत्यक्ष चालविणाऱ्या हातांत. लंडनमधील सॅव्हिल रो या मार्गावरील शिंप्यांच्या जुन्या पेढ्या आपल्या वारशाविषयी बोलू लागल्या की बहुधा पहिल्या उत्तराचा आश्रय करतात. परंतु २००८ साली ‘बिस्पोक’ या एका विशेषणावरून जो वाद झाला, त्याने या उत्तराचे अपुरेपण उघड केले. तो वाद दिसावयास जाहिरातीचा होता. वस्तुतः तो अर्थनिश्चितीचा होता.

प्रथम स्थळाचा विचार करणे इष्ट होईल. हा रस्ता १७३० नंतरच्या दशकात बर्लिंग्टनच्या तिसऱ्या अर्लच्या जमिनीवर वसविण्यात आला व त्याच्या पत्नीच्या माहेरच्या नावावरून तो ओळखला जाऊ लागला. शिंप्यांशी त्याचा संबंध पुढे जडला. हॉक्स पेढीची स्थापना १७७१ ची, परंतु क्रमांक १ ची वास्तू तिच्याकडे आली ती १९१२ मध्ये; हंट्समन १८४९ ची, पण या रस्त्यावर ती आली १९१९ मध्ये. पूल पेढी १८०६ ची. हेन्री पूल याने वडिलांमागे १८४६ मध्ये ती हाती घेतल्यावरच तिचे नाव या मार्गाशी निगडित झाले. म्हणजे ज्या पत्त्याला आज वारशाचा गाभा मानले जाते, तो इतिहासदृष्ट्या नंतर चढलेला थर आहे.

शब्दाचीही स्थिती याहून निराळी नाही. गिऱ्हाइकाने एखादा तागा पसंत केला की तो ‘बोलून ठेवलेला’ ठरे, त्यावरून ‘बिस्पोक’ हा शब्द शिंप्यांच्या दुकानात जन्मला, अशी व्युत्पत्ती या व्यवसायात आवडीने सांगितली जाते. कथा मनोरम आहे. पण लोकव्युत्पत्तीत नेहमी होते तसे तीत अर्धेच सत्य आहे. मूळ क्रियापद जुन्या इंग्रजीतले असून ‘आगाऊ सांगून ठेवणे, मागणी नोंदविणे’ हा त्याचा अर्थ सोळाव्या शतकापासून आढळतो. विशेषण म्हणून ‘बिस्पोक’चा पहिला ज्ञात प्रयोग १७५५ मधला, शार्लट चार्क या अभिनेत्रीच्या आत्मचरित्रातला, आणि तेथे तो वस्त्राविषयी नसून नाटकाच्या एका प्रयोगाविषयी आहे! तेव्हा हा शब्द शिंप्यांनी घडविला नाही; त्यांनी तो उसना घेतला, व दीर्घ वापराने आपलासा केला.

२००८ च्या वादाचे मर्म येथेच आहे. ठरीव नमुन्यावरून यंत्राने कापलेल्या व शिवलेल्या सुटांना एका व्यावसायिकाने ‘बिस्पोक’ म्हटले, म्हणून ब्रिटनच्या जाहिरात-नियामक संस्थेकडे तक्रार गेली. गिऱ्हाइकाच्या मापाप्रमाणे, मागणीनुसार बनविलेले ते बिस्पोक, या कोशगत अर्थाचा आधार घेऊन संस्थेने तक्रार फेटाळली. जुन्या पेढ्यांना हा निर्णय अन्यायाचा वाटला.

परंतु शब्दाचा अर्थ एकाकी नसतो. शेजारच्या शब्दांशी असलेल्या विरोधातून तो ठरतो. जेथे वस्त्रांचे ‘तयार’ व ‘सांगून करविलेले’ असे दोनच वर्ग आहेत, तेथे जे जे तयार नव्हे ते ते बिस्पोक. पुढे या दोहोंमध्ये तिसरा वर्ग उत्पन्न झाला : नमुना ठरीव, केवळ त्यात मापानुसार फेरफार. या तिसऱ्या पदाच्या आगमनाने ‘बिस्पोक’चे क्षेत्र पेढ्यांच्या भाषेत आकुंचित झाले; सामान्य भाषेत मात्र ते पूर्ववत् विस्तृत राहिले. नियामकांनी द्विपदी व्यवस्थेने निवाडा दिला, पेढ्यांनी त्रिपदी व्यवस्थेने दाद मागितली. दोन्ही पक्ष आपापल्या व्यवस्थेत सुसंगत होते. पेढ्यांची चूक इतकीच की, व्यवसायातील परिभाषा ही सर्वांची भाषा आहे असे त्यांनी गृहीत धरले.

तथापि ही त्रिपदी व्यवस्था केवळ प्रतिष्ठेचा खेळ नव्हे. तिच्यामागे कामाचा खरा भेद आहे. कापड बेतणारा प्रमुख कारागीर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदी नमुना नव्याने आखतो. एक खांदा उतरता असेल, पाठ किंचित वाकलेली असेल, तर तेही त्यात उतरते. कच्च्या टाक्यांवर कोट अंगावर घालून पाहिला जातो, पुन्हा उसवला जातो, पुन्हा बेतला जातो. छातीचे कॅनव्हासचे अस्तर हाताने टाचले जाते. २००४ मध्ये स्थापन झालेल्या सॅव्हिल रो बिस्पोक असोसिएशनने एका सुटासाठी किमान ५० तासांच्या हातकामाचा दंडक सांगितला आहे. माप घेणे ही या क्रियेची केवळ सुरुवात होय. नियामकांच्या व्याख्येत नेमके हे श्रमच अदृश्य झाले, आणि हीच या निर्णयाची खरी हानी. जे श्रम वेगळ्या शब्दाने ओळखले जात नाहीत, त्यांचे वेगळे मोल मागणे कठीण होते. आणि मोल नसलेले काम शिकण्यासाठी तरुण मनुष्य वर्षानुवर्षे उमेदवारी का करील?

या संदर्भात मराठीतील ‘बेतणे’ हे क्रियापद उद्बोधक आहे. कापड अंगाच्या मापाने कापणे व मनात योजना आखणे, हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. इंग्रजी शब्द गिऱ्हाइकाच्या बोलण्यावरून निघाला, मराठी शब्द कारागिराच्या योजनेकडे बोट दाखवितो. सॅव्हिल रोच्या पेढ्यांना जे म्हणावयाचे होते, ते त्यांच्या विशेषणापेक्षा या क्रियापदात अधिक नेमके सामावले आहे.

पेढ्यांची स्वतःची भाषा पाहू गेल्यास ती जाहिरातीत नव्हे, कामाच्या खोलीत सापडते. पट्टीपेक्षा नजरेच्या अंदाजाने बेतण्याला तेथे ‘रॉक ऑफ आय’ म्हणतात. उरलेल्या कापडाला ‘कॅबेज’, म्हणजे कोबी. ओबडधोबड काज्यांना ‘क्रश्ड बीटल्स’, म्हणजे चिरडलेले भुंगेरे. हे शब्द कोणी जाहिरातीसाठी पळविले नाहीत, कारण ते काम केल्याविना कळतच नाहीत.

नाव आणि हात यांच्या वाटा भिन्न असू शकतात, याला अलीकडचा इतिहास साक्षी आहे. क्रमांक १४ मध्ये १९४६ पासून असलेली हार्डी एमिस ही पेढी २०१९ मध्ये बंद पडली. १९७४ मध्ये एकत्र आलेल्या गीव्ह्ज अँड हॉक्सची मालकी २०२२ मध्ये एका मोठ्या किरकोळ विक्री समूहाकडे गेली. याउलट अँडरसन अँड शेपर्ड २००५ मध्ये हा रस्ता सोडून शेजारी गेली, तरी फ्रेडरिक शोल्टेकडून संस्थापक अँडरसनने उचललेली मऊ, सैल छातीच्या कोटाची पद्धती तिच्याबरोबर गेली. गीव्ह्ज अँड हॉक्समध्ये बेतण्याच्या कामाच्या प्रमुखपदी पोहोचलेल्या कॅथरीन सार्जंट यांनी २०१६ मध्ये याच रस्त्यावर स्वतःच्या नावाने दुकान उघडले. नाव नवे, हात त्याच परंपरेतले.

सारांश, पेढ्यांचे गाऱ्हाणे खरे होते, पण त्यांनी त्याचा आधार चुकीचा निवडला. शब्द कोणाच्याही मालकीचा नसतो, आणि नाव तर विकत घेता येते. बेतण्याचे कसब मात्र एका हातातून दुसऱ्या हातातच जाते. ते तसे जात राहील तोवरच त्या शब्दाच्या जुन्या अर्थाला आधार राहील.