'अस्तु' : पाहुण्याची माया आणि घरच्यांची दमछाक

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' (२०१३) आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. ज्यांचा राहून गेला असेल त्यांनी तो जरूर पाहावा. चित्रपट संपताना डोळ्यांत पाणी येते आणि प्रत्येकाच्या तोंडी चन्नाचे नाव असते. पाण्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या सर्वमुखी कौतुकाबद्दल मात्र थोडे बोलायचे आहे.

ज्यांना आठवण हवी त्यांच्यासाठी कथेचा धागा असा. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित. अल्झायमरने त्यांची स्मृती पोखरत आणली आहे. एके दिवशी मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून थोड्या वेळासाठी दुकानात जाते. तेवढ्यात रस्त्यावर हत्ती दिसतो आणि शास्त्रीबुवा लहान मुलाच्या कुतूहलाने त्याच्या मागोमाग निघून जातात. इकडे घरच्यांची शोधाशोध आणि जिवाची घालमेल चालू असते. तिकडे माहुताची बायको चन्ना या अनोळखी म्हाताऱ्याला पोटच्या पोरासारखे जपते. तेही तिला 'आई' म्हणू लागतात.

डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, त्यामुळे त्यांच्या शास्त्रींत कुठेही वेडगळपणाची नक्कल नाही. विद्वत्ता गेली तरी विद्वानाचा सूर मागे उरतो, हे ते नेमके दाखवतात. चन्नाच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना आणि संवादांसाठी सुमित्रा भावे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही योग्यच. पण माझ्या मते चित्रपटाचा कणा आहे इरावती हर्षे यांची इरा.

चन्नाला जे जमते ते इराला का जमत नाही? चित्रपटाने याचे उत्तर फार समजुतीने दिले आहे. इराला वडिलांकडे पाहताना दोन माणसे दिसतात, एक समोर बसलेला आणि एक हरवलेला. वडिलांचा प्रत्येक विसरलेला शब्द तिच्या हिशेबात वजाबाकी असतो. चन्नाला शास्त्री पंडित असल्याचे ठाऊकच नाही. तिच्यापाशी वजा करायला आधीचा आकडा नाही, म्हणून ती समोरच्या माणसाला आहे तसा घेऊ शकते. मराठी चित्रपटात आजारपण पुष्कळ आले, पण कुटुंबाच्या प्रेमातच कुटुंबाची अडचण असते हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच आले असेल.

मात्र इथेच तुलनेचा काटा एका बाजूला झुकतो. चन्नाची माया थोड्या वेळाची आहे आणि इराची सेवा वर्षानुवर्षांची. आम्हा इंजिनिअर लोकांना हा फरक चांगला ठाऊक असतो. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या रेल्वेतील आउगुस्ट व्योलर यांनी आगगाडीच्या आसांवर प्रयोग करून दाखवले, की एका दणक्यात जो भार लोखंड सहज सोसते, त्याहून कमी भार लाखो वेळा पडत राहिला तर तेच लोखंड तुटते. याला आम्ही धातूचा थकवा म्हणतो. माणसाचेही काही वेगळे नाही. अल्झायमरच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांसाठी नॅन्सी मेस आणि पीटर रॅबिन्स यांनी १९८१ साली लिहिलेल्या पुस्तकाचे नावच 'द थर्टी-सिक्स अवर डे' आहे. छत्तीस तासांचा दिवस रोज काढणाऱ्या बाईची एका दिवसाच्या चन्नाशी तुलना करणे न्यायाचे नाही.

इराच्या दमलेल्या दिवसांची दृश्ये चित्रपटात आहेत, हे मान्य. तरीही साधी गरीब बाई मोठ्या मनाची आणि शिकलेले शहरी लोक कोरडे, ही जुनीच विभागणी प्रेक्षक घरी घेऊन जातो. तिसऱ्या वर्षी चन्नाचा आवाज कसा असता, हा प्रश्न त्याला पडत नाही.

आपल्याला तो पडायला हवा, कारण परदेशी राहणारे आपण बहुतेक चन्नाच्या जागी असतो. डिसेंबरात तीन आठवडे जायचे, बाबांना फिरायला न्यायचे, आवडीचे खाऊ घालायचे. पाहुणा आला की म्हातारे माणूस जरा खुलते, चार जुन्या गोष्टी सांगते. मग आपण तिथे बारा महिने राबणाऱ्या बहिणीला किंवा वहिनीला म्हणतो, "अगं, बरे आहेत की! तू उगाच काळजी करतेस." आपल्या परीने आपण धीर देत असतो. ऐकणारीला मात्र तो ठपका वाटतो.

मग दूरच्या कुटुंबीयांचे काम काय? भावे-सुकथनकरांच्याच 'देवराई'मध्ये (२००४) सीना स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाला, शेषला, घरी आणते. त्या चित्रपटाच्या निर्मात्यांत आपल्या उत्तर अमेरिकेतलेच, कॅलगरीचे संख्याशास्त्राचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी होते. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. रुग्णाइतकाच त्याच्या घरच्यांनाही आधार हवा, हे त्यांनी ओळखले होते.

याला आकड्यांचाही पुरावा आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातील मेरी मिटलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली अल्झायमरच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या २०६ जोडीदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्या जोडीदारांना समुपदेशन आणि आधारगट दिला. त्या समुपदेशनाच्या बैठकींत इतर नातेवाइकांनाही बसवले. या गटातल्या रुग्णांना नर्सिंग होममध्ये ठेवण्याची वेळ सुमारे ३२९ दिवस पुढे गेली. रुग्णाला नवे औषध दिलेले नव्हते. मदत मिळाली होती ती घरच्यांना, आणि घरच्यांत ते नातेवाईकही धरले होते, जे रोज जवळ नसतात.

म्हणून 'अस्तु' पुन्हा पाहाल तेव्हा चन्नावरून नजर थोडी काढून इराकडे पाहा. तिला शाबासकीपेक्षा सुट्टीची गरज आहे. रात्रपाळीच्या मदतनीस बाईचा पगार कोण देणार, वर्षातले कोणते आठवडे कोण तिथे राहून तिला मोकळे करणार, हे भावंडांनी एकत्र बसून ठरवायला हवे, आणि ते फोनवरही ठरवता येते. फक्त त्या फोनवर "बाबा कसे आहेत?" याच्या आधी "तू कशी आहेस?" हे विचारावे, आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे.